मिशांचा एकेक केस

माझी नोकरीच मुळी दुसऱ्यांच्या चुका काढण्याची. सॉफ्टवेअर लोकांच्या हातात जाण्याआधी ते कुठे फुटतंय हे मी शोधते, आणि ही खोड घरीही सुटत नाही, असं नवऱ्याचं म्हणणं आहे. त्यामुळे त्या मे महिन्यात मी जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं असतं, तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

कॅनडात, ओकव्हिलच्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये मी चित्रं काढते. शाळेत कधी शिकले नाही, चाळिशीनंतर सुरू केलं. पक्षी, खारी, मागच्या अंगणात येणारा रॅकून. लायब्ररीत या चित्रांचं लहानसं प्रदर्शन लागलं होतं, तिथे एक बाई बराच वेळ रॅकूनसमोर उभी राहिली. ती एका प्राणी-प्रजनन केंद्रात कीपर होती, प्राण्यांची देखभाल करणारी. तिच्याकडे काळ्या पायांचे फेरेट होते. शाळांसाठी त्यांची पुस्तिका करायची होती आणि कॅमेऱ्याने पिल्लांची आई बिचकते म्हणून त्यांना हाताने काढलेली चित्रं हवी होती.

मला फेरेट म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. घरी येऊन वाचलं. मुंगसाच्या अंगलटीचा, लांबोळका, अंगावर वाळलेल्या कडब्याचा रंग, पाय काळे, शेपटीचं टोक काळं आणि डोळ्यांवरून आडवा काळा पट्टा. पूर्वी प्रेअरीच्या गवताळ रानात राहायचा. मग रानं नांगरली गेली, बिळांत राहणाऱ्या ज्या खारींवर तो जगायचा त्या विष घालून मारल्या, वर रोग आले. एकदा तर तो संपला असंच सगळे धरून चालले होते. नंतर मोजके काही सापडले आणि आज जगात जेवढे आहेत ते सगळे त्या मोजक्यांची पोरंबाळं. कॅनडाच्या रानात पुन्हा सोडून पाहिले, पण टिकले नाहीत. इथे आता ते पिंजऱ्यातच जन्मतात. हे वाचल्यावर मला पिल्लं काढायचीच होती.

परवानगी मिळायला जवळजवळ वर्ष गेलं. पिल्लांचे डोळे उघडून ती धडपडत बाहेर येऊ लागतात तो काळ जेमतेम काही दिवसांचा. कीपरने एकच सकाळ दिली. ती चुकली तर पुढच्या वर्षी.

त्या सकाळी उठले तर घसा खवखवत होता.

आमच्या घरात सर्दी आजारात मोडत नाही. औषध घेतलं तर सात दिवस, नाही घेतलं तर आठवडा, असं म्हणून विषय संपतो. नाक गळत असताना मी परीक्षा दिल्यात, लग्नात वाढलंय, पहिल्या नोकरीचा इंटरव्ह्यूही दिलाय. मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, ओवा तव्यावर भाजून पुरचुंडी हुंगली आणि गाडी काढली. "थंडी बाधली असेल, काल जॅकेट न घालता गार्बेज बिन बाहेर ठेवलीस," नवरा म्हणाला. मला ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं.

केंद्राच्या दारातच फॉर्म होता. गेल्या काही दिवसांत ताप, खोकला, सर्दी? मी 'नाही'वर खूण केली. पेन अडखळलंसुद्धा नाही. नंतर बुटांवर कव्हर, अंगावर गाऊन, हातमोजे, मास्क. मास्क नाकावर नीट दाबून बसवताना कीपर सहज म्हणाली, "माणसाचा फ्लू यांना लागतो. आपण चार दिवस झोपतो, ही मरू शकतात."

तेव्हा मला मागे फिरता आलं असतं. सही होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. पण मी मान डोलावली आणि तिच्या मागे चालू लागले.

आतल्या खोलीत तिने मला एका जाळीसमोर स्टुलावर बसवलं. आत आई आणि चार पिल्लं. पिल्लांचे डोळे नुकतेच उघडलेले. एक दुसऱ्याच्या डोक्यावर चढायचं, घसरायचं, मग आपण का घसरलो याचा राग आल्यासारखं तिसऱ्याचा कान चावायचं. आई अधूनमधून एकाला मानेला धरून उचलून आत नेई, की दुसरं बाहेर. मला हसू येत होतं आणि दिसत मात्र काही नव्हतं. मास्कमधून येणाऱ्या वाफेने चष्मा धुरकट व्हायचा. पहिल्या तीन कागदांवर नुसते ढेकळांसारखे आकार उमटले.

कीपर खाणं आणायला शेजारच्या खोलीत गेली. मी मास्क नाकाखाली ओढला.

चष्मा स्वच्छ झाला आणि समोर ते सगळ्यात लहान पिल्लू होतं, जाळीला नाक लावून, माझ्यापासून दोन हातांवर. त्याचा काळा पट्टा अजून पुरता भरला नव्हता, काजळ घालताना बाळाने मान हलवावी तसा एका बाजूला फिसकटलेला. मिशा इतक्या बारीक की श्वासाबरोबर थरथरत होत्या. मी काढत गेले. आयुष्यात माझा हात इतका बरोबर कधी चालला नाही. मध्ये एक शिंक आली ती कोपरात दाबली. दाराची कडी वाजली तेव्हा मास्क वर केला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला थंडी वाजून ताप भरला. मुलगी सुट्टीसाठी किचनर शहरातून घरी आली होती, तिने फार्मसीतून टेस्ट आणली, कोविड आणि फ्लू दोन्ही दाखवणारी. फ्लूसमोर रेघ उमटली. मी ती पट्टी हातात धरून बसले, मग केंद्राला कळवायला फोन शोधू लागले.

"अगं, मास्क होता ना? मग कशाला स्वतःहून फोन करतेस?" नवरा म्हणाला.

"आई, यू हॅव टु टेल देम. लाइक, राइट नाउ," मुलगी म्हणाली.

मी फोन केला. ताप आलाय, फ्लू निघालाय, सांगितलं. कीपरने विचारलं, "मास्क पूर्ण वेळ होता ना?"

"हो," मी म्हणाले.

तिने सुटकेचा श्वास सोडला, तो मला फोनवर ऐकू आला. मग लक्ष ठेवू, म्हणाली. पिल्लांना उगाच हाताळलं, आईला हलवलं तर ती बिथरते, कधी पिल्लांना टाकतेही, त्यामुळे ते नको. कळवल्याबद्दल तिने माझे आभार मानले.

पुढचे दोन दिवस मी घाबरून काढले, याहून वेगळं काही म्हणता येणार नाही. पांघरूण डोक्यावरून घेऊन पडायचे आणि ते लहान पिल्लू शिंकताना दिसायचं. शिंकल्यावर त्या एवढ्याशा जिवाची छाती कशी हलेल, हे मला चित्र काढल्यामुळे नेमकं कळत होतं. जगात उरलेल्या थोड्यांपैकी चार माझ्यासमोर होती. घरात कुणी काही विचारलं तर मी वसकन अंगावर जायचे. नवऱ्याने आल्याचा चहा आणून ठेवला, तर "तुझ्यामुळेच हे झालं, म्हणे थंडी बाधली" असं त्याला बोलले. तो बिचारा कप ठेवून निघून गेला. चोराच्या उलट्या बोंबा.

तिसऱ्या दिवशी कीपरचा मेसेज आला. तीन पिल्लं खातायत, सगळ्यात लहान जरा मंद वाटतंय, असंही होतं कधीकधी, काळजी करू नकोस.

मुलगी तेव्हा किचनच्या काउंटरवर माझे कागद चाळत होती. पहिले तीन तिने पटापट उलटले. चौथ्यावर थांबली.

"हे किती सही आहे! यू कॅन सी एव्हरी व्हिस्कर." मग तिने मागचे कागद पुन्हा पाहिले, पुन्हा चौथा पाहिला. "आई, तुझे ग्लासेस फॉग होत होते म्हणालीस ना? मग हे कसं दिसलं तुला?"

माझी लेक आहे, चुका शोधणं तिच्या रक्तात आहे.

"आई." तिचा चेहरा उतरला. "तू मास्क काढला होतास?"

त्या क्षणी मला पिल्लापेक्षा तिच्या नजरेची जास्त भीती वाटली, हे लिहायला लाज वाटते. मी फोन उचलला. तिच्यासमोरच, कारण एकटीने केला असता तर मी पुन्हा काहीतरी गाळलं असतं.

"मी मास्क खाली केला होता," मी कीपरला म्हणाले. "तू खाणं आणायला गेलीस तेव्हा. पाच मिनिटं, कदाचित दहा. त्या लहान पिल्लासमोर. आणि मला शिंक आली होती. सकाळपासून घसाही दुखत होता. फॉर्मवर मी खोटं लिहिलं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "जाळीपासून किती अंतरावर?" मी सांगितलं. "ओके," म्हणाली आणि फोन ठेवला. पहिल्याच फोनवर सांगितलं असतं तर दोन दिवस हाताशी आले असते, हे तिने म्हटलं नाही. मीच मला म्हटलं.

पुढे काय झालं ते मला कीपरने नंतर सांगितलं. त्या जाळीतल्या पाचही जणांना वेगळ्या खोलीत नेलं. आई बिथरली, दोन दिवस पिल्लांना पाजायला तयार होईना. लहान पिल्लाला थेंब थेंब दूध भरवावं लागलं. त्याच्या नाकातून नमुना घेतला. हे सगळं चाललेलं असताना मला काही कळत नव्हतं आणि विचारायचं तोंडही नव्हतं. मी कामावर लॉगिन करायचे, कुणाच्या तरी कोडमधली चूक सापडायची आणि ती लिहिताना हात जड व्हायचा. देव्हाऱ्यासमोर बसले एकदा, पण मागायचं काय तेच सुचेना. पिल्लू वाचू दे म्हणायचं की माझ्यामुळे नसू दे म्हणायचं? दुसरंच आधी ओठांवर आलं, म्हणून उठले.

अकराव्या दिवशी, घरूनच ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना कीपरचा फोन आला. मी कॅमेरा बंद केला आणि वॉशरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं.

"सगळी ठीक आहेत, नमुन्यातही काही निघालं नाही," ती म्हणाली. "चौथं पण खातंय. काल त्याने मला चावलं."

मी रडले. टबच्या कडेवर बसून, तोंडावर टॉवेल धरून रडले. तिने फोन ठेवला नाही. रडणं ओसरल्यावर मी सॉरी म्हणाले, पुन्हा म्हणाले, आणि मग लोचटासारखं विचारलंच, की पुढच्या वर्षी यायला मिळेल का. मी सगळं खरं सांगेन, माझ्यावर विश्वास ठेव, असंही म्हणाले.

"आत्ता तू खरं बोलतेयस यावर माझा विश्वास आहे," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "पण माझा विश्वास तर पहिल्या फोनवरही होता."

चौथा कागद पोस्टाने पाठवते, एवढं म्हणाले. तिने पत्ता सांगितला, मी लिहून घेतला.