चालू साईट, कालचा भाव

"गेली लाईट! आता बंद पडती बघा साईट," नजीरसेठ म्हणाले. इन्व्हर्टर कुंई कुंई करत होता.

ही दोन हजार आठ-नऊची गोष्ट. सेठ हिंगोलीतले हळदीचे व्यापारी. त्यांच्या वेबसाईटवर रोजचा भाव दिसायचा. ती चालवणारा कॉम्प्युटर, म्हणजे सर्व्हर, दुकानामागच्या खोलीत होता. लोडशेडिंग, बॅटऱ्या, धूळ. साईटचं काम कमी आणि सर्व्हरचीच उठाठेव जास्त. ती माझ्याकडे होती.

मी क्लाउड सुचवला. दूरच्या कंपनीचा कॉम्प्युटर इंटरनेटवरून भाड्याने घ्यायचा. देखभाल त्यांची.

"जे दिसत न्हाई त्याचं भाडं काहून द्यायचं, मॅडम?"

"वापराल तेवढंच द्यायचं. हंगामात मोठं मशीन, एरवी लहान."

"आन बंद करायचं ऱ्हायलं तर?"

शंका बरोबर होती. वापर नसला तरी मशीन चालू असेपर्यंत मीटर फिरतो. मग ठरलं, दर सोमवारी मी वापर तपासायचा आणि नको ते बंद करायचं.

साईट हलवली. पुढच्याच आठवड्यात रस्ता खोदताना कुणीतरी केबल तोडली. बाजारातलं इंटरनेट गेलं, साईट मात्र सुरू. सेठ खूश झाले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. शिरड शहापूरचे कोंडिबामामा होते, जुने शेतकरी.

"जावयानं नांदेडात साईट पाहिली. भाव चांगला हाय म्हने. जीप भरून राहिलो."

सेठचा चेहरा उतरला. "थांबा मामा! तो कालचा भाव हाय. आज लई पडला."

इंटरनेट नाही, म्हणून आजचा भाव भरलाच नव्हता. पूर्वी साईट बंद दिसली की लोक फोन करून विचारायचे. आता ती ठणठणीत सुरू होती आणि कालचा भाव आजचा म्हणून सांगत होती.

मोबाईल लॅपटॉपला जोडून त्याचं इंटरनेट वापरलं. मुंगीच्या चालीने का होईना, पान उघडलं. आजचा भाव भरला. मग भावाशेजारी तारीख आणि वेळ टाकली. दुपारपर्यंत नवा भाव आला नाही तर जुना आकडा आपोआप जाऊन 'फोन करून विचारा' एवढंच दिसेल, अशी सोय केली.

मामांनी पोती उतरवली. भाव सुधारल्यावर माल आणला.

हंगाम संपला तसं आम्ही लहान मशीनवर आलो. खर्च आटोक्यात राहिला, बॅटऱ्यांची कटकट संपली. तेव्हापासून कुठलीही साईट हलवताना मी आधी एकच विचारते: यातली माहिती शिळी झाली, तर वाचणाऱ्याला कळेल का? बंद साईट फार तर गैरसोय करते. नुकसान करायला ती चालू असावी लागते.