सारवलेली फटफटी

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी नवऱ्याची फटफटी सारवली.

हसू नका! लोक अंगण सारवतात, चूल सारवतात, कणगी सारवतात, जुनं झालेलं सूपसुद्धा लिंपून घेतात. मग फटफटीनंच काय घोडं मारलं होतं? आणि मी काही अडाणी नव्हते, चांगली सातवी पास होते. चिंचवडात आमच्या आळीत एवढी शिकलेली सून मी एकटीच. (हे मामंजी चारचौघांत मिशीला पीळ देऊन सांगायचे. घरात मात्र भाकरी करपली की म्हणायचे, "करपायचीच. शिकल्याली हाय!")

आता फटफटीबद्दल. आमचे हे पिंपरीला नव्यानं निघालेल्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. इंग्रज गेल्यावरही देहूरोडला मागं राहिलेला एक गोरा साहेब शेवटी मायदेशी निघाला आणि जाताना आपली फटफटी यांच्या गळ्यात बांधून गेला. ही फटफटी फटफट करत नसे! चालू असताना मांजर घुरघुरल्यासारखा बारीक आवाज यायचा. गावातली म्हातारी माणसं हळहळायची, "मुकी हाय गं बिचारी." दुसरं म्हणजे हिला पाणी लागायचं. पुढच्या चाकामागं बारीक बारीक भोकांची एक पितळी जाळी होती. तिच्या पोकळ पत्र्यात पाणी भरलं की इंजिन गार राहतं, एवढं साहेबानं समजावलं होतं, आणि "हिला दगड लागू देऊ नका" असं दोनदा बजावलं होतं. भोकं कशासाठी, हे सांगायच्या आत त्याची आगगाडी सुटली.

दगड लागू देऊ नका म्हणे! मुंबई-पुणे रस्त्यावर तेव्हा जिकडंतिकडं खडी पसरलेली. लष्कराचा ट्रक पुढनं गेला की मागं खड्यांचा पाऊस. एकदा एक टोकदार खडा जाळीत घुसला आणि फटफटी घरापर्यंत पाणी गाळत आली. कल्हईवाल्यानं डाख देऊन भोक बुजवलं आणि सांगितलं, "आता आणखी एक खडा लागला, तर जाळी सायबाच्या देशातनंच आणावी लागंल." त्या दिवसापासून यांची झोप उडाली. जेवताना, आंघोळ करताना, देवाला फूल वाहताना एकच घोर, जाळी कशी वाचवायची!

आणि नेमकं तेव्हाच मला पुण्याहून बोलावणं आलं. मास्तरणी तयार करायच्या ट्रेनिंग कॉलेजात मुलाखत होती. मला मास्तरीण व्हायचं होतं. फार म्हणजे फार व्हायचं होतं. मामंजींनी तीन दिवस विचार केला आणि निकाल दिला, "एकडाव जाऊन ये. घेतलं तर घेतलं. न्हाई घेतलं, तर पुन्यांदा शाळंचं नाव काढायचं न्हाई. आन् सैपाक उरकून जायचं."

स्वयंपाक उरकून निघायचं म्हणजे सकाळची पॅसेंजर हातची गेली. उरली फटफटी. "म्या नेतो की तुला!" हे छाती पुढं काढून म्हणाले, आणि लगेच चेहरा पाडून, "पर जाळीचं काय?"

मग सगळं घर जाळीमागं लागलं. मामंजींनी बैलाचं मुसकं आणून जाळीवर बांधलं. हे पिंपरीपर्यंत जाऊन आले, तर मुसक्यात ओंजळभर खडी! "बैलानं खाल्ली नसती," मामंजी म्हणाले. सासूबाईंना मी हळूच विचारलं, "पुरणाची चाळण बांधली तर?"

"माझ्या माहेरची चाळण? फटफटीच्या तोंडाला? त्यापरीस मलाच बांधा की म्होरं!"

विषय संपला.

शेवटी मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी जाळीपुढं उकिडवी बसून नीट निरखलं. खडा शिरतो कुठनं? भोकातनं. मग भोक ठेवायचंच कशाला? फुटकी टोपली आपण टाकून देतो का? लगदा लावून लिंपतो!

"मामंजी, साहेबानं ही भोकं कशाला ठेवली असतील हो?"

मामंजींनी तंबाखू मळत विचार केला. "वजन हलकं व्हावं म्हनून. दुसरं काय असनार?"

झालं! हे सायकलीनं कारखान्यात गेलेले (फटफटीला उद्याच्यासाठी विश्रांती दिली होती). मी रद्दी कागद भिजवले, वाटीभर मेथ्या वाटल्या, त्यात पांढरी माती आणि ताजं शेण घालून असा चिकट लगदा केला की ज्याचं नाव ते. एकेका भोकात बोटानं दाबून दाबून भरला. वरून हात फिरवून गुळगुळीत केलं. उन्हाचे दिवस, तासा-दोन तासांत दगड झाला. मग मला राहवेना. वर गेरूचा हात दिला आणि मधोमध पांढरं स्वस्तिक काढलं. सासूबाईंनी लांबून पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाल्या, "हात चांगला हाय गं तुझा."

संध्याकाळी हे आले. जाळी पाहिली, बोटाच्या पेरानं ठोकली. टक् टक् आवाज आला. माझ्याकडं असे बघत राहिले की मी लाजून आत पळाले. बाहेरून यांचा आवाज आला, "आबा, ह्याला म्हंत्यात डोकं!"

दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापल्या, डबा बांधला, ठेवणीतलं लुगडं नेसले, अंबाड्यात आकडे खोचले आणि देवाला नमस्कार करून फटफटीवर बसले. पिंपरी येईतो चार-पाच खडे जाळीवर आपटले. टण्! टण्! आत एक शिरेल तर शपथ! हे प्रत्येक वेळी मान मागं वळवून हसायचे आणि मी म्हणायचे, "अहो, पुढं बघा पुढं!"

पिंपरी सोडली आणि खमंग वास आला.

"कुनाच्यात तरी मेथीचे लाडू चाललेत," हे म्हणाले.

"बाळंतीण असेल," मी म्हटलं.

कासारवाडी आली. तिथंही मेथीचे लाडू! "हितंबी बाळंतीन?" फुगेवाडीला तर वास असा दरवळला, की गावातल्या यच्चयावत बायका एकदम बाळंत झाल्या असाव्यात. मला बाई कौतुकच वाटलं. दापोडीच्या अलीकडं फटफटीच्या पोटात गुडगुड झाली, स्वस्तिकाच्या चारी टोकांतून वाफेच्या चार धारा निघाल्या, जाळीचं झाकण तोफेच्या गोळ्यासारखं उडालं, आणि उकळत्या पाण्याचं कारंजं आभाळात गेलं! आम्ही दोघं दोन बाजूंना पळालो. मुकी फटफटी त्या दिवशी पहिल्यांदा बोलली.

चाकणहून कांद्याच्या गोण्या घेऊन चाललेला एक गाडीवान थांबला. वाफेकडं बघून म्हणाला, "काय राव, चहा ठिवलाय व्हय?"

यांनी डब्यातल्या भाकऱ्या माझ्या ओच्यात टाकल्या आणि रिकामा डबा घेऊन नदीवर धावले. माझ्या कानात मात्र गाडीवानाचंच घुमत होतं. चहा ठिवलाय व्हय! चहा... चहा गार करायचा तर आपण काय करतो? फुंकर मारतो. मग धावत्या गाडीला फुंकर कोण मारणार? वारा! आणि वारा आत जाणार कुठनं? भोकातनं!

"अहो!" मी नदीच्या दिशेनं किंचाळले, "भोकं फुंकरीसाठी होती हो!"

हे डबा घेऊन वर आले. मला वाटलं, आता काही खरं नाही. मी रडायलाच लागले. "मी तुमच्या गाडीचं वाटोळं केलं."

"गाडी गेली खड्ड्यात," हे म्हणाले. "तू पोचली पायजेस. काढ ते आकडे डोस्क्यातले."

नवरा म्हणून हा माणूस मला त्या दिवसापर्यंत बरा वाटायचा. त्या क्षणापासून जीव की प्राण वाटायला लागला. पण ते बोलायला वेळ कुठं होता? अंबाडा सुटला, पाठीवर केस मोकळे, आणि आम्ही दोघं भर रस्त्यावर मांडी घालून आकड्यांनी भोकं कोरतोय! लगदा कसला निघतो? मीच लावलेला ना! जाणारे-येणारे नमस्कार करायचे. स्वस्तिक, मोकळ्या केसांची बाई, वर वाफ... एकानं तर यांना विचारलं, "कुठल्या देवीचं ठाणं?"

अर्धी भोकं मोकळी झाली, यांनी डब्यातलं पाणी जाळीत ओतलं. मी घाईघाईनं आणखी एक कोरायला गेले आणि आकडा खस्सकन पत्र्यातनं आरपार! पाण्याची बारीक चिळकांडी थेट माझ्या डोळ्यांवर. महिनाभर ज्या जाळीला खड्यांपासून जपलं, तिला भोक पाडलं ते माझ्या आकड्यानं! यांनी खाली पडलेला लगदा उचलला, थुंकी लावून मळला आणि त्या भोकावर थापला. बसला घट्ट! गाडी सुरू झाली.

कॉलेजात पोचले तेव्हा नावं पुकारून संपत आली होती. केस सुटलेले, कोपरापर्यंत हात शेणानं भरलेले, अंगाला मेथीचा वास. दारातल्या शिपायानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि अगदी सौजन्यानं सांगितलं, "सारवायचं काम मागच्या अंगणात हाय, मावशी. हिकडनं जा."

त्याला ढकलून मी आत शिरले. टेबलामागं कॉलेजच्या मोठ्या बाई चष्मा पुसत बसल्या होत्या. समोर वाफाळता चहा. त्यांनी चष्मा लावला, मला बघितलं, पुन्हा काढून पुसला.

"पाच मिनिटांचा पाठ घ्या," त्या म्हणाल्या. "कुठलाही."

मी 'गाय' पाठ करून आले होते. सुरुवात झकास झाली. "गाय उपयुक्त प्राणी आहे. ती दूध देते. ती शेण देते. शेणानं अंगण सारवतात, चूल सारवतात, कणगी सारवतात..." इथं माझी नजर माझ्याच शेणानं भरलेल्या हातांवर गेली. पुढचं काही आठवेना. तोंडातून आपोआप निघालं, "पण फटफटी सारवू नये!"

"का?" बाई पुढं झुकल्या.

'का' विचारल्यावर मी थांबते होय! मी त्यांचा चहाचा कप उचलला, एकदा वरून फुंकर मारली, मग वर बशी झाकून बशीवर फुंकर मारली. "कुठला चहा लवकर गार होईल, सांगा बघू मुलांनो?" बाईंनी खरंच उत्तर दिलं! मग मी जाळी सांगितली, भोकं सांगितली, वारा सांगितला, वाफ कशी फुटली ते हातवारे करून दाखवलं, आणि त्या हातवाऱ्यात कप उलटा होऊन चहा बाईंच्या कागदांवर सांडला. मनात म्हटलं, संपलं. आता जन्मभर चूल.

बाईंचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं रागानं. मग त्या पदर तोंडात कोंबून अशा हसल्या, अशा हसल्या, की डोळ्यांतनं पाणी आलं.

"घेतलं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "असा पाठ आज कुणीच घेतला नाही."

मी धावत बाहेर आले. हे गाडीपाशी उभे होते, विचारायचंही धाडस होईना त्यांना. मी नुसती मान हलवली. या माणसानं भर रस्त्यात माझे शेणानं भरलेले हात हातात घेतले! (चिंचवडात कळलं असतं तर मामंजींनी दोघांना विहिरीत ढकललं असतं.) मामंजींनी मात्र बातमी ऐकली, बराच वेळ तंबाखू मळली आणि पेढे आणायला स्वतः बाहेर पडले.

पुढं ट्रेनिंग झालं, शाळा मिळाली, जन्मभर मास्तरकी केली. पण कॉलेज सोडताना मोठ्या बाईंनी माझ्या शिफारशीच्या चिठ्ठीत शेवटी एक ओळ घातलीच: 'शिकवतात उत्तम, मात्र शाळेतल्या कोणत्याही वस्तूच्या दुरुस्तीचे काम यांच्याकडे देऊ नये.' मुख्याध्यापकांनी ती ओळ इतकी मनावर घेतली, की मी निवृत्त होईपर्यंत माझ्या वर्गातला साधा फळासुद्धा शिपायानंच पुसला.