सटव्याचं कडवं

हसायचं तर खुशाल हसा. मी गणिताचा मास्तर, कुणाच्या अंगात आलं म्हटलं की मलाच आधी हसू फुटायचं!

विद्यापीठाच्या नामांतरावरून गावंच्या गावं तापली होती, तेव्हाची गोष्ट. पोखर्णीच्या रस्त्याला आमचं मराठ्याचं घर, चार एकर कोरडवाहू. मी परभणीला कॉलेजात होतो, कविता करायचो. आईला माहेर नव्हतं. विचारलं की म्हणायची, "कुणी उरलं न्हाई रे." विषय बंद.

गॅदरिंगला भर दुपारी मी कविता वाचायला उभा राहिलो. आई पहिल्यांदाच ऐकायला आलेली. कागदावर तीन कडवी. तिसरं संपलं... आणि तोंडातून चौथं निघालं, तेही चालीवर! अहो, मी साधी आरती बेसूर म्हणतो.

*माणसाची वाट माणसानं केली, माणसाला का रं बंद झाली,*
*म्हणे सटवा, ऐक लेकीबाई, आता मागं फिरायाचं न्हाई.*

टाळ्या पडल्या. आई जागेवर नव्हती. बाहेर लिंबाखाली उभी होती.

"कुणी शिकवलं तुला ह्ये?"

"कुणीच नाही गं. मलाच कळेना..."

"खोटं बोलू नगं! सटवा माजा बाप हाय."

मग तिनं सगळं सांगितलं. चुडाव्याकडच्या बौद्ध वस्तीत माझे आजोबा गाणी रचायचे. रचणाऱ्यानं शेवटच्या ओळीत आपलं नाव घालायचं, ही तिथली रीत. हे गाणं त्यांनी एकट्या लेकीसाठी रचलं, आणि माझ्या जन्माआधीच ते गेले. माझ्या वडिलांनी गावात सांगितलं, बायको लांबच्या नात्यातली, अनाथ. आपलं मूळ कळेल या भीतीनं आईनं ते गाणं सासरी कधी गुणगुणलंसुद्धा नव्हतं.

"तुज्या चुलत्याला कळलं तर? घरं जाळायलेत लोक. छापू नगंस ते."

मी लगेच ऐकलं. खरं सांगू? मीच लय घाबरलो होतो. कॉलेजच्या अंकात तीनच कडवी दिली, खाली वडिलांकडचं आडनाव.

अंक आला. आईला वाचता येत नव्हतं. पानावरून हात फिरवत तिनं हळूच विचारलं, "माज्या बापाचं नाव कुठं आलं असतं रे?"

ते कडवं माझ्या तोंडी कसं आलं, हे मला आजही सांगता येत नाही. कुणाला उमगलं तर सांगा. पण ते गाळलं मी, आणि त्याची लाज अजून जात नाही. त्या दिवशी मी आईचं बोट धरलं आणि तिसऱ्या कडव्याखालच्या कोऱ्या जागेवर ठेवलं.

"इथं," म्हणालो. तिनं बराच वेळ बोट उचललं नाही.