जपानच्या बांधीत आमची बाई

लामत्याहून फोन आला तेव्हा मी पेपर वाचत होतो. बहिणीची शेजारीण बोलत होती. "भाऊ, लवकर या... बाई उठून नाई राह्यली." बाई म्हणजे माझी थोरली बहीण, शेवंता. गाव तिला बाईच म्हणे, मीही. बालाघाटहून लामत्याला पोचेपर्यंत मी स्वतःला समजावत होतो की पित्त झालं असेल, डोळा लागला असेल. पण जी बाई उजाडायच्या आत अंगण झाडून मोकळी होई, ती आठ वाजेपर्यंत झोपेल कशी? तिच्या खाटेशी पोचल्यावर माझ्या ध्यानात आलं की माझ्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला आहेत. ती असती तर वर्षभर त्यावरून माझी खेचत राहिली असती.

आता सव्वा महिना झाला. भेटायला येणारे तिच्या कष्टांबद्दल बोलतात. कष्ट होतेच. भावजी लवकर गेले, स्वतःची जमीन नव्हती. भाताची लावणी, आमच्याकडे तिला रोवणी म्हणतात, ती लोकांच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, करून बाईने मुलाला, मिलिंदला, इंजिनिअर केलं. मला मात्र सारखी आठवते ती जपानमधली बाई. मिलिंद तिथे एका लहानशा गावाजवळच्या कारखान्यात आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने आईला बोलावलं, तर ती म्हणाली, "भाऊ आला तं येईन, नाई तं नाई." भाऊ काय, एका पायावर तयार होता.

मी लामत्याच्याच शाळेतला निवृत्त मास्तर. जाण्याआधी महिनाभर अभ्यास करून यादी केली होती. किल्ले, बागा, वेगवान गाडी, बर्फाचा डोंगर. मिलिंद आणि त्याची बायको प्रज्ञा यांनी पहिला आठवडा रजा काढून आम्हाला फिरवलं. बुद्धविहारात बाई हात जोडून बराच वेळ बसली, ते तिला मनापासून आवडलं. बाकी ठिकाणी ती पाहुण्यासारखी मान हलवत चाले. एका भल्यामोठ्या किल्ल्यासमोर मी इतिहास सांगायला लागलो तर मला थांबवून म्हणाली, "थे समदं बरं हाये रे. पण हे लोकं सकायी उठून करतात काय, थे कुठं दिसते?"

दुसऱ्या दिवसापासून तिने फिरायला यायचं बंद केलं आणि गल्लीत राहायला सुरुवात केली. दोन आठवड्यांत कोणत्या वारी कोणता कचरा ठेवायचा हे तिला तोंडपाठ झालं. मी बाटली उचलून निघालो की मागून आवाज येई, "मास्तर, आज कागदाचा वार हाये, काचेचा नाई!" समोरची म्हातारी आजी पहाटे दार झाडायची, तेव्हा हीही आमचं दार झाडायची. मग दोघी खराटे टेकवून बोलत, ती तिच्या भाषेत, ही हिच्या. मी एकदा विचारलं, "तुले समजते तरी काय?" म्हणाली, "तिचं अन् तिच्या सुनेचं पटत नाई." प्रज्ञाने हळूच चौकशी केली. खरं निघालं!

मिलिंदच्या घरामागेच भाताची शेतं होती, आणि आम्ही असतानाच तिथली लावणी आली. यंत्र झपाझप रोपं लावत जाई, पण वळताना कोपरे सुटत. त्या कोपऱ्यांत समोरची आजी आणि तिचा नवरा हाताने रोपं लावत. बाई खिडकीत उभी राहून बघे. तिचे हात शिवशिवत होते.

"मी जाऊ काय रे?" तिने मिलिंदला विचारलं.

त्याचा चेहरा उतरला. "इथं नको, आई. तुले चिखलातून काढाले तं शिकलो ना मी?"

खरी गोष्ट वेगळी होती. गावाकडे आपली शेती आहे, आई घरीच असते, असं त्याने तिथे सगळ्यांना सांगितलं होतं. ते मला ठाऊक होतं, बाईलाही. ती भाजी चिरायला बसली... मला त्या दिवशी भाच्याचा फार राग आला.

रविवारी दुपारी बाई घरात दिसेना. बघतो तर लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून बांधीत! आजीच्या शेजारी, एकेक पाऊल मागे सरकत, रोपांची रांग कशी सरळ सोडत चाललेली. शेवटचा कोपरा झाला, आणि तिने आमच्याकडच्याच बाईला सुचेल असं काम केलं. आमच्याकडे रोवणी संपली की बाया मालकाला गाठून चिखल फासतात. तो दिवस त्यांचा असतो, मालकाने रागवायचं नसतं. बाईने ओंजळभर चिखल उचलला आणि बांधावर उभ्या असलेल्या शेतमालकाच्या, आजीच्या ऐंशीच्या म्हाताऱ्या नवऱ्याच्या, दोन्ही गालांना फासला.

म्हातारा जागच्या जागी थिजला. आजीच्या हातातली रोपं गळून पडली. मिलिंद घरातून अनवाणी धावत आला आणि कमरेत वाकून माफी मागू लागला, एकदा, दोनदा, पाचदा. बाईला आपली चूक उमगली होती. हात मागे लपवून ती उभी राहिली, आणि मला ते बघवेना. उभ्या जन्मात ती कुणासमोर अशी उभी राहिली नव्हती.

म्हाताऱ्याने रोपांकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. मिलिंद वाकलेलाच राहिला.

"काय म्हणून राह्यला थो?" बाईने विचारलं.

"विचारतो, तू हे कुठं शिकली... आपल्या शेतात काय."

मग मिलिंद सरळ उभा राहिला आणि सावकाश जपानीत बोलू लागला. प्रज्ञा माझ्या कानाशी मराठीत सांगत होती, "म्हणतायत, लोकांच्या शेतात. मजुरीनं. त्याच्यावरच मी शिकलो." म्हाताऱ्याने ऐकून घेतलं, आणि गालावरचा चिखल न पुसता तो बाईसमोर वाकला. आजीला हसू आवरेना. तिने बोट बुडवून नवऱ्याच्या नाकालाही चिखल लावला! आम्ही निघालो त्या दिवशी अर्धी गल्ली निरोप द्यायला बाहेर आली होती. माझं नाव त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

बाई गेल्याचं कळताच मिलिंद मिळेल त्या विमानाने आला. अंत्यविधी, पुण्यानुमोदन सगळं झालं, आणि मृत्यूची नोंद करायला आम्ही दोघे पंचायतीत गेलो. आमचा जिल्हा मध्य प्रदेशातला, कारभार हिंदीत; सचिवाने एकेक रकाना भरत विचारलं, "मृतक का व्यवसाय?"

"गृहिणी," मी म्हणालो.

तोंडातून सवयीनेच निघालं. नोकरीभर, बहीण काय करते असं कुणी विचारलं की मी हेच सांगत आलो. सोबत शाळेतले मास्तर असताना ती रस्त्यालगतच्या बांधीत दिसली, तर मी मान फिरवून सायकल दामटली आहे, आणि तेही एकदा नव्हे. तिने पाहिलं असणार. मला कधी बोलली नाही. आणि मी भाच्यावर रागावलो होतो!

सचिवाने लिहायला घेतलं. मिलिंदने कागदावर हात ठेवला. "नहीं. खेतिहर मजदूर लिखिए. रोपा लगाती थीं."

सचिवाने माझ्याकडे पाहिलं. वडीलधारा मी, गावात मान माझा. "काट दूँ, मास्टर जी?"

बाकावर चार-पाच जण बसले होते. त्यांतले दोघे माझे विद्यार्थी.

"काट दीजिए," मी म्हणालो. "लड़का सही बता रहा है. मेरी बहन थी, मुझे मालूम है."