जीपचं अस्तर

एकोणीसशे सत्तर-पंचाहत्तरच्या सुमाराला माझं लग्न झालं आणि मी, सांगलीतला कारकून, पाटणजवळच्या एका निवृत्त हवालदाराचा जावई झालो. सैन्यात त्यांनी वीस वर्षं जीप चालवली होती. माणूस चांगला, पण मला कशाला म्हणून हात लावू देत नसत. बादली उचलायला गेलो की, "पाव्हणं, तुमी बसा." वैरण टाकू का, तर, "आवं बसा, कपडं मळतील." असला मान देवाने शत्रूलाही देऊ नये. बसून बसून पायाला मुंग्या यायच्या आणि डोक्यात राग जायचा.

म्हणून पहिल्या दिवाळसणाला त्यांच्यासाठी स्वतःच्या हाताने लाकडी जीप करून न्यायची, असं मी ठरवलं. खोक्याच्या फळ्यांची, दीड वीत लांब, चाकं फिरणारी. सुतारकाम पंधरा दिवसांत उरकलं. घोडं अडलं ते रंगाआधीच्या करड्या अस्तरापाशी. आमच्या गल्लीतल्या गॅरेजमधले रंगारी मिस्त्री म्हणाले होते, "रंग कुणीबी मारतंय. अस्तर गुळगुळीत बसलं तर गाडी, न्हाईतर खोकंच."

ब्रशने मारलं, तर बॉनेटवर नांगरट उठली. थिनर घालून पातळ केलं आणि डास मारायच्या पंपाने फवारलं, तर पुटकुळ्या आल्या. तिसऱ्या खेपेला साधलं असं वाटतंय, तोच शेजारच्या हळदीच्या गोदामात पोती झाडायला घेतली. करडी जीप पिवळी झाली. "लग्न आहे का हिचं?" बायकोने विचारलं.

मग मी शहाणा झालो. आधी धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी शिंपडायचं, पंप जरा लांब धरून पातळ हात द्यायचा, तो वाळला की ओल्या पॉलिश पेपरने घासायचा, पुन्हा पातळ हात. पाचव्या हाताला अस्तर अंड्याच्या कवचासारखं आलं. वरच्या हिरव्या रंगाला मात्र वेळ उरला नाही. तो तिकडेच देऊ म्हणून डबे, पंप, पेपर सगळं पिशवीत कोंबलं आणि एसटी पकडली.

पोचल्यावर मी पाय धुवायला मागे गेलो, तेवढ्यात सासूबाईंना जीप दिसली. नवी गाडी दारात आली म्हणजे पूजा व्हायचीच. परत येतो तर बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, बाजूंना हळदीची बोटं आणि वरून नारळाचं पाणी ओघळतंय. अस्तर सगळं पिऊन बसलं होतं. "लय ग्वाड दिसतीया!" सासूबाई म्हणाल्या. मला रडू यायचंच बाकी होतं.

मी पेपर काढला आणि अंगणातच घासायला बसलो. डाग निघाले. आता पंप उचलणार, एवढ्यात सासरे शेतातून आले. "आवं पाव्हणं, ऱ्हाऊ द्या, तुमी वर बसा," म्हणत त्यांनी माझ्या शेजारीच पायताण झटकलं. माझा तोल गेला.

"धूळ उडवू नका! मागं व्हा!" मी ओरडलो.

बायकोने डोळे मिटून घेतले. सासरे मात्र दोन पावलं मागे सरले, वारा कुठून येतोय ते पाहिलं आणि खांद्यावरचं घोंगडं पसरून आडोसा धरून उभे राहिले. मी अस्तराचा पातळ हात दिला आणि तो वाळेपर्यंत त्यांनी घोंगडं खाली घेतलं नाही. मग बोटाची पाठ बॉनेटवरून फिरवली.

"हे तुमी केलं?"

"हो."

घोंगडं खांद्यावर टाकून ते गोठ्याकडे निघून गेले. मी हिरमुसलो.

दुसऱ्या दिवशी फराळाला पाट मांडलेले असताना त्यांनी मला गोठ्यामागे नेलं. तिथे ऊस वाहायची ट्रॉली उभी होती, सगळीकडून गंजलेली. "कारखाना सुरू व्हायच्या आत हिला रंग द्यायचाय. अस्तराचं तेवढं बघा," म्हणाले आणि स्वतःही पेपर घेऊन खाली बसले.

सासूबाई धावत आल्या. "आवं, दिवाळसणाला जावयाला कामाला लावताय? लोक काय म्हणत्याल?"

"मग काय मी करू? मला न्हाई येत त्येच्यावानी," सासरे मान वर न करता म्हणाले.

त्यांनी सकाळीच माझ्या बोटात घातलेली दिवाळसणाची अंगठी पेपरला अडकत होती. ती काढून मी सासूबाईंच्या हातात दिली आणि घासायला लागलो. इतका खूश मी लग्नातही नव्हतो.