पिकअपचा हीटर

आमच्या भागात गाडीच्या हीटरला कुणी विचारत नाही. उन्हाळा एवढा लांबतो की गाडीत वारं लागतं का, इतकंच लोक बघतात. आमच्या जुन्या पिकअपमध्ये तर काच खाली केली की झालं. माझे मालक, म्हणजे माझा नवरा, आजारी पडेपर्यंत त्या गाडीला हीटर आहे हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

गाडी त्यांनी दुसऱ्याकडून घेतलेली. तेलगावच्या आसपासच्या वस्त्यांवरचा कापूस, कांदा, कधी लग्नाचा मांडव, जे मिळेल ते ते वाहायचे. स्वतःच चालवायचे आणि बारीकसारीक स्वतःच दुरुस्त करायचे. मग त्यांच्या पायांवर सूज यायला लागली. तपासण्या झाल्या आणि दोन्ही मूत्रपिंडं गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला अंबाजोगाईला जायचं ठरलं.

सुरुवातीला तेच गाडी चालवत जायचे. पण मशीनवरून उठल्यावर त्यांना स्टेअरिंग धरवेना. एकदा धारूरच्या घाटात त्यांनी गाडी कडेला घेतली आणि डोकं स्टेअरिंगवर टेकवून बराच वेळ बसून राहिले. त्या आठवड्यात त्यांनी मला कापसाची पऱ्हाटी उपटलेल्या मोकळ्या रानात गाडी शिकवायला घेतली. ते शेजारी बसून सांगायचे, मी गिअर टाकायची. चुकलं तरी आवाज चढवायचे नाहीत. मी लायसन काढलं, आणि मग घाट मीच चढवायला लागले. बाई पिकअप चालवते म्हणून लोक थांबून बघायचे. थोड्या दिवसांनी त्यांनाही सवय झाली.

थंडी मात्र त्यांच्या अंगातच शिरली होती. मशीनमध्ये रक्त बाहेर जातं आणि फिरून परत येतं. येताना ते गार होऊन येतं असं ते म्हणायचे. दिवाळीत आम्ही घामाघूम असताना त्यांच्या अंगावर शाल असायची. पौषात सकाळी निघायचं तर दारांच्या झिजलेल्या रबरातून वारं सुसाट आत यायचं. मी त्यांना वाकळ पांघरायची, पायाशी पोतं गुंडाळायची. तरी घाटात इंजिनाच्या आवाजातही त्यांचे दात वाजलेले मला ऐकू यायचे.

अशाच एका सकाळी ते म्हणाले, "ह्या गाडीला हीटर हाय. चालत न्हाई, पर हाय."

परत येताना मी तेलगावच्या मिस्त्रीकडं गाडी थांबवली. मिस्त्री त्यांच्या ओळखीचा. त्यानंच पूर्वी कधीतरी हीटर बंद केला होता. इंजिनातलं गरम पाणी दोन पाइपांतून आतल्या छोट्या जाळीत येतं आणि पंखा त्या जाळीतून हवा ढकलतो. ती जाळी गळायला लागली म्हणून त्यानं दोन्ही पाइप बाहेरच एकमेकांना जोडून टाकले होते. इकडं कुणाला लागतो हीटर, असं त्याचं म्हणणं. आता दुरुस्त करायचा तर अख्खा डॅशबोर्ड खोलायला लागणार, आणि त्याच्या दारात तर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली. गाडीत बसलेल्या मालकांकडं त्यानं एकदा बघितलं आणि मला म्हणाला, "वहिनी, जाळी तेवढी काढून आणा. मी डाग देऊन देतो."

म्हणून ते काम आम्ही घरीच केलं. त्यांची बाज मी अंगणात उन्हाला ओढली, गाडीचं दार बाजेकडं तोंड करून उघडं ठेवलं आणि मी डॅशबोर्डच्या खाली डोकं घातलं. ते पडल्या पडल्या सांगायचे.

त्यांची पद्धत सरळ होती. आधी हवा येते का बघायचं, ती गरम की गार हे नंतर. मी पंख्याचं बटण फिरवलं. हळूवर काहीच नाही, पूर्ण फिरवल्यावर नुसती घरघर, आणि समोरच्या झरोक्यांतून फुंकरीएवढी हवा. त्यांनी पंखा काढायला सांगितलं. तीन स्क्रू होते आणि तिसऱ्यानं माझं बोट सोललं. पंखा बाहेर आला तो कापसानं गच्च भरलेला. एवढी वर्षं वाहिलेल्या कापसाचे पुंजके उडून आत जाऊन बसले होते, आणि त्या कापसात उंदरानं घर केलं होतं. मधल्या झरोक्याच्या पाइपात भुईमुगाची टरफलं निघाली. ती हातावर घेऊन ते हसले. ही माझीच, म्हणाले. गाडी चालवताना शेंगा खायची त्यांची सवय. आता शेंगा बंद होत्या, केळं बंद होतं, मीठ बंद होतं.

जाळी काढायला दोन दिवस गेले. वाकून वाकून माझी कंबर धरली. एकदा पक्कड घसरून हातावर आली, तेव्हा ते उठून बसले.

"कावून एवढं करायलीस?" ते म्हणाले. "महिना-दोन महिन्याचं तर राहिलंय."

ते थंडीबद्दल बोलत होते की स्वतःबद्दल, मी विचारलं नाही. मी पुन्हा आत डोकं घातलं.

मिस्त्रीनं डाग देऊन दिला, म्हणजे गळणारी जागा झाळून बंद केली. मी जाळी बसवली, पाइप जोडले, गाडी चालू केली. पंखा आता छान फिरत होता. पण हवा गारच. त्यांनी मला दोन्ही पाइपांना हात लावून बघायला सांगितलं. एक चटका बसेल इतका गरम, दुसरा थंडगार. ते थोडा वेळ डोळे मिटून पडून राहिले आणि म्हणाले की पाणी फिरत नाही, आत हवा अडकली आहे.

मग इंजिन गार होऊ दिलं. गाडीचं तोंड वर राहील अशी ती बांधाच्या चढावर उभी केली, रेडिएटरचं झाकण काढलं आणि मी तांब्यानं हळूहळू पाणी ओतायला लागले. ते काठी टेकत जवळ येऊन उभे राहिले. आत बुडबुडे येत होते. पाणी खाली जायचं, मी आणखी ओतायची. गाडी नुसती पीत होती.

डॉक्टरांनी त्यांना दिवसाला दोनच पेले पाणी सांगितलेलं, त्यातच चहा. उन्हाळा येण्याआधीच त्यांचे ओठ फुटलेले असायचे. ते त्या पाण्याकडं बघत होते आणि मी बघितलं तसं त्यांनी तोंड दुसरीकडं वळवलं. मला तांब्या खाली ठेवावासा वाटला. पण तेच म्हणाले, "थांबू नको. गळ्यापत्तोर भरू दे."

त्यानंतर दुसरा पाइपही गरम झाला. तरी आत कोमटच हवा. शेवटी सापडलं ते असं की हवेची वाट बदलणारा आतला पडदा अर्ध्यावर अडकला होता. त्याची तार बटणापासून सुटलेली. ती मी बांधणीच्या तारेनं आवळून टाकली आणि पंखा लावला.

ते त्यांच्या सीटवर जाऊन बसले. चपला काढल्या, पाय खालच्या झरोक्यापाशी नेले, दोन्ही तळवे समोरच्या झरोक्यापुढं धरले.

"आलं," म्हणाले एवढंच.

पुढच्या खेपेला आडसच्या पुढं गेलो तोवर ते झोपले होते. वाकळ मांडीवर घसरलेली, तोंड किंचित उघडं. येतानाही झोपले. त्यानंतरच्या खेपांनाही तसंच. आधी थंडीनं कुडकुडत का होईना, पण ते बोलत असायचे: ह्या वळणावर पूर्वी चिंच होती, ह्या वस्तीवरच्या माणसानं भरल्या पावसात गाडीला धक्का दिला होता, इथं दुसरा गिअर टाक. आता गाडी उबदार झाली आणि गाडीतलं बोलणं थांबलं. त्यांना झोप लागते याचं मला बरं वाटायचं. पण घाटात, पंख्याच्या आवाजात, मला एकटीला फार जड जायचं.

संक्रांत झाल्यावरच्या एका खेपेला मशीनवर असतानाच त्यांचा बीपी उतरला. मी खाली गाडीपाशी होते. बोलवायला माणूस आला तेव्हा त्यांना आतल्या वॉर्डात हलवलं होतं. मला त्यांच्याजवळ जाऊ दिलं. त्यांचा हात गार होता. मी तो दोन्ही हातांत धरून चोळत बसले. दुपार कलली तेव्हा डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं.

दीर गावाकडून निघून आले. मालकांचा देह अँब्युलन्समधून घरी न्यायचा ठरला. दिरांनी माझ्याकडं गाडीची चावी मागितली, अशा वेळी तू चालवू नको म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही भावाजवळ बसा, गाडी मी आणते. त्यांनी फार ताणलं नाही. अँब्युलन्सच्या मागं मी पूर्ण घाट उतरले. हीटर चालू होता. बंद करायचं मला सुचलंच नाही.

चैत्रात एक दिवस सासूबाई म्हणाल्या की मला ती जागा बघायची आहे. त्यांच्या लेकाच्या सगळ्या आजारपणात त्या एकदाही दवाखान्यात आल्या नव्हत्या. गुडघ्यांमुळं गाडीत चढता यायचं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांना बघवणार नव्हतं. मी स्टूल लावून त्यांना चढवलं. रस्ताभर त्या पदराचं टोक धरून बसल्या होत्या.

डायलिसिसच्या खोलीत ओळखीच्या सिस्टरनं आम्हाला दारातून आत येऊ दिलं. मी मालकांची खिडकीजवळची खाट दाखवली. तिच्यावर एक तरुण माणूस होता, फार तर तिशीचा. हाताला नळ्या लावलेल्या, डोळे छताला. मशीन फिरत होतं. सासूबाई माझा हात सोडून त्याच्यापाशी गेल्या.

"थंडी वाजती का रं?" त्यांनी विचारलं.

तो गोंधळला. मग थोडी वाजती, म्हणाला.

त्याच्या पायांवरचं ब्लँकेट सरकलं होतं. सासूबाईंनी ते ओढून नीट पांघरलं, पावलांखाली दोन्ही बाजूंनी दाबून बसवलं, जसं लहान लेकराला बसवतात. मग त्याच्या पावलांवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. सिस्टरनं हळू आवाजात सांगितलं की आजी, आता बाहेर थांबा.

परत येताना धारूर जवळ आलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, कुठं चहा मिळत असेल तर थांब. मी एका टपरीपाशी गाडी लावली आणि त्यांना खाली न उतरवता दोन कप गाडीतच आणले. त्यांनी त्यांचा चहा बशीत ओतला, फुंकर मारली, आणि तेव्हा त्यांना रडू फुटलं. मी त्यांच्या हातातली बशी घेतली आणि त्या शांत होईपर्यंत धरून बसले.