कॉम्प्युटर सोडून मेकॅनिकल

आमचं घर चिकलठाण्याला, विमानतळाच्या भिंतीच्या अलीकडे. उन्हाळ्यात आई गच्चीवर वाळवणं घालायची आणि मला कावळे हाकायला बसवायची. मुंबईचं विमान उतरायला आलं की डोक्यावरून इतकं खालून जायचं की त्याचं पोट दिसायचं. गल्लीतली बाकीची पोरं खिडक्यांकडे बघून हात हलवायची. मी चाकांकडे बघायचे. भिंतीपलीकडे विमान टेकलं की चाकांखालून धूर निघायचा. एवढं अवजड धूड त्या एवढ्याशा चाकांवर आदळतं, तरी ती मोडत कशी नाहीत, हा माझा प्रश्न होता. तो मी पप्पांना विचारला. पप्पा पैठणला पाटबंधारे खात्यात क्लार्क होते, रोज एसटीनं ये-जा करायचे. त्यांनी खरोखर विचार केला आणि म्हणाले, "मला नाय माहीत बेटा."

दुसऱ्या कुणी काहीतरी थाप मारली असती. पप्पांनी मारली नाही, म्हणून तो प्रश्न माझ्याकडे तसाच राहिला.

मुलीला विमानाची आवड आहे म्हटलं की लोकांना एकच सुचतं. शेजारच्या काकूंनी मला उभी करून खालून वर न्याहाळलं आणि आईला म्हणाल्या, "हवाई सुंदरी व्हायला उंची लई लागते म्हणं." मी तेव्हा नववीत होते. मला विमानात चहा द्यायचा नव्हता, विमान बनवायचं होतं. हे मी काकूंना तोंडावर सांगितलं आणि आईचा धपाटा खाल्ला.

बारावीला आमच्या फिजिक्सच्या सरांनी वाट नीट समजावून सांगितली. ते म्हणाले, एरोनॉटिकल अशी पाटी दिसली म्हणून कुठल्याही कॉलेजच्या मागं धावू नकोस. मेकॅनिकल घे, पाया पक्का कर, पुढं एम.टेक. एरोस्पेसमध्ये कर. कॉम्प्युटरवालेही विमानाच्या कामाला लागतात, पण तुझा जीव चाकात अडकलाय, तर तू मेकॅनिकललाच जा. मला एवढंच ऐकायचं होतं. माझं ठरलं.

आता आमच्या वस्तीबद्दल सांगते. आमच्याकडे शिकायला कुणी कुणाला नाही म्हणत नाही. उलट शिक, शिक म्हणून सगळे हात धुऊन मागे लागतात. दरवर्षी निकाल लागले की विहारात पास झालेल्या पोरांचा सत्कार होतो. शाल, पुस्तक, फोटो. पण काय शिकायचं हे मात्र पोरं सोडून सगळे ठरवतात. माझ्या बाबतीत ते मामांनी ठरवलं होतं. मामांचं शहागंजात रेडिमेड कपड्यांचं दुकान, चार लोकांत ऊठबस, त्यामुळे आमच्या घरातली प्रत्येक मोठी गोष्ट आधी मामांना विचारली जायची. फ्रिज कोणता घ्यायचा इथपासून. पप्पांचं ठरलेलं वाक्य होतं, "आपल्याला काय कळतंय? मामाला विचारू."

माझ्या सत्काराच्या दिवशी मामांनी माईक हातात घेतला आणि भर सभेत जाहीर केलं, "आमची भाची कॉम्प्युटर इंजिनिअर होणार!" टाळ्या पडल्या. मी शाल पांघरून स्टेजवर उभी होते. अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण विहारात, एवढ्या मोठ्या माणसांसमोर, तोंड उघडता आलं नाही.

पुढं प्रवेशाचे पर्याय भरायची वेळ आली. कोणतं कॉलेज, कोणती ब्रँच, हे पसंतीच्या क्रमानं ऑनलाइन टाकायचं असतं. मामा दुकान सोडून नेट कॅफेत हजर.

"देख बेटा, पयल्या नंबरला कॉम्प्युटर टाक."

"मामा, मला मेकॅनिकल पाहिजे."

"अगं, कॉम्प्युटर तुला मिळणार थोडंच हाय? मार्क कमी पडतेत. मागच्या साली कितीला बंद झालं ते मी विचारून आलोय. पण माझा शब्द गेलाय ना चार लोकांत. पयलं टाकून ठेव. नंबर नाय लागला तर नाय लागला म्हणू, कुणाशी वाईटपणा नाय. दोन नंबरला तुझं ते मेकॅनिकल."

पप्पा शेजारी उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "मामा म्हणतेत तर टाक. नुसतं समाधानाला."

समाधानाला म्हणून टाकलं. आणि त्या वर्षी कॉम्प्युटरचा कटऑफ आदल्या वर्षीपेक्षा खाली घसरला. पहिल्याच फेरीत शहरातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटरला माझा नंबर लागला. नियम असा होता की पहिली पसंती मिळाली की ती घ्यायचीच, पुढच्या फेऱ्या तुम्हाला बंद. मामांनी दुकानातून पेढे पाठवले. मी एकही खाल्ला नाही. आईनं पेढा तोंडाशी धरला तर मी तोंड फिरवलं, आणि घरात दोन वेळा भांडी आपटली. मला एवढा राग आयुष्यात आला नव्हता. वर्ष वाया घालवायला निघाले होते, पण आईच्या रडण्यापुढे हरले आणि कॉलेजला गेले.

पहिल्या वर्षाला सगळ्या ब्रँचचे विषय जवळपास सारखेच असतात. वर्कशॉप असतं. लोखंडाची पट्टी कानशीनं घासून चौकोन करायचा, दोन तुकडे एकमेकांत बसवायचे. आमच्याकडे रीत अशी की मुलींचे तुकडे मुलंच घासून देतात, मुली बाजूला उभ्या राहून गप्पा मारतात. माझ्या हातातूनही एकानं पट्टी घेतली होती. मी ती परत ओढून घेतली. माझे तुकडे काही सुरेख झाले नाहीत, दोघांच्या मधून उजेड दिसत होता. पण ते माझे होते.

वर्कशॉपमध्येच कळलं की वर्ष संपल्यावर जागा रिकाम्या असतील तर ब्रँच बदलता येते. मेकॅनिकलची पोरं कॉम्प्युटरला जायला धडपडत होती, त्यामुळे तिकडं जागाच जागा होत्या. मी अर्ज घेऊन कॉलेजच्या ऑफिसात गेले. क्लार्कनं वाचला आणि पेन काढला.

"पोरी, उलटं लिवलंस. कुठून-कुठंची अदलाबदल झाली. थांब, दुरुस्त करून देतो."

"उलटं नाही लिहिलं. मला मेकॅनिकलला जायचंय."

त्यांनी पेन खाली ठेवला. "लोक इकडं यायला रांगा लावत्यात, अन् तू तिकडं? मोठ्या माणसाला घेऊन ये. पालकाची सही पायजे."

घरी सांगितलं. आई म्हणाली, मामाला विचारा. मी म्हटलं, या वेळी मामांना विचारलं तर मी कॉलेजच सोडते. सकाळी पप्पा ऑफिसचे कपडे घालून निघाले आणि पैठणची गाडी सोडून माझ्यासोबत कॉलेजात आले.

क्लार्क जुनी ओळख असल्यासारखा त्यांना समजावू लागला. "साहेब, मुलीची जात. कारखान्यात कुठं पाठवता? एकदा गेली की परत कॉम्प्युटरला घेणार नाय."

पप्पांनी अर्ज पुरता वाचला. तेही क्लार्कच होते, वाचल्याशिवाय सही करायची सवय नव्हती. मग माझ्याकडे वळले.

"ते विमानाच्या चाकाचं," ते म्हणाले, "लहानपणी इचारायचीस ते, ह्या ब्रँचमधी शिकवत्यात का?"

मी मान डोलावली.

त्यांनी सही केली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मामांचं काय करायचं?"

"करायचं काय? इचारायचं व्हतं तवा इचारलं," पप्पा म्हणाले. "आता सांगायचं."

मामा दोन दिवाळ्या आमच्याशी धड बोलले नाहीत. मी मेकॅनिकल केलं, एम.टेक. एरोस्पेसमध्ये केलं, आणि आता बंगळुरूला विमानाच्या चाकांच्या पायांवरच, म्हणजे लँडिंग गिअरवर, काम करते. चाकांवरचा दांडा दबतो, आतलं तेल आणि वायू धक्का पोटात घेतात, म्हणून ती मोडत नाहीत. लग्नकार्यात मामा अजून सांगतात, "भाची कॉम्प्युटरवर विमानं बनवती." मी दर वेळी, वऱ्हाडासमोर, मोठ्यानं सांगते, "मेकॅनिकल, मामा."

गेल्या वर्षी विहारातल्या सत्काराला मला पाहुणी म्हणून बोलावलं. मामा पहिल्या रांगेत, पप्पा मागं चपलांजवळ. समोर शाली पांघरलेल्या मुली उभ्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्या जणींचं काय होणार हे माईकवर आधीच जाहीर झालं होतं. मी माईक घेतला.

"पहिल्या नंबरला तुम्हाला पाहिजे तेच टाका," मी म्हटलं. "कुणाच्या समाधानासाठी दुसरं काही टाकू नका. ते मिळतं."

मग मागून, चपलांजवळून, पप्पांनी टाळी वाजवली.